आधी नोझल, मग अँपिअर

प्लाझ्मा टॉर्चमधला तांब्याचा इलेक्ट्रोड काढून टोकाकडून पाहिला, तर मधोमध करड्या धातूचा एक ठिपका दिसतो. जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा. हा हॅफ्नियम. 12 मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट मिनिटाला मीटरभराहून अधिक वेगाने कापली जाते, ती या ठिपक्यातून निघणाऱ्या आर्कमुळे. इलेक्ट्रोड भंगारात जातो तोही हा ठिपका संपला म्हणून. भोवतीचे तांबे तोवर धडधाकट असते.

हॅफ्नियम 1923 साली कोपनहेगनमध्ये डिर्क कोस्टर आणि जॉर्ज दि हेवेशी यांनी शोधला. निसर्गात तो झिरकोनियमच्या सोबतीने आढळतो आणि दोघांचे रासायनिक गुण इतके जुळतात की त्यांना वेगळे करणे जिकिरीचे असते. तारापूरसारख्या अणुभट्ट्यांत इंधन झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेले असते. हॅफ्नियम मात्र न्यूट्रॉन गिळणारा, म्हणून त्या झिरकोनियममधून तो काढून टाकावाच लागतो. अणुउद्योगाला नकोसा झालेला हा धातू फॅब्रिकेशनच्या कामी आला तो दोन गुणांमुळे: तापला की तो सहज इलेक्ट्रॉन सोडतो आणि त्याचा ऑक्साइड सुमारे 2,750 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही.

त्याआधी प्लाझ्मा टॉर्चमध्ये टंगस्टन असे. अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट गेज यांनी वेल्डिंगचा आर्क बारीक छिद्रातून दाबून बाहेर काढला आणि त्याच्या उष्णतेची व वेगाची धार करून दाखवली. त्याचे पेटंट 1957 चे. टंगस्टनला ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे टॉर्चला आरगॉन, हायड्रोजन, नायट्रोजन असे वायू पुरवावे लागत. हॅफ्नियम आल्यावर साधी दाबलेली हवा चालू लागली. सिलिंडरऐवजी कॉम्प्रेसरवर भागू लागल्याने प्लाझ्मा मोठ्या कारखान्यांतून गल्लीतल्या वर्कशॉपपर्यंत पोहोचला.

तंत्र सांगायला सोपे आहे. इलेक्ट्रोड आणि प्लेट यांच्यामध्ये डीसी आर्क पेटतो. भोवतीने फिरणारी हवा त्या आर्कला घेरून नोझलच्या छिद्रातून रेटते. छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्याशा जागेतून सारा प्रवाह जाताना हवेचे रेणू फुटतात, तापमान 20,000 अंशांच्या घरात जाते, आणि झोताखालचे पोलाद वितळून खाली उडते. गॅस कटिंगमध्ये लोखंड अक्षरशः जळते, म्हणून तिथे आधी प्लेट लालबुंद करावी लागते, आणि स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम त्याने कापता येत नाही. प्लाझ्माला फक्त वीज वाहून नेणारा धातू हवा.

अडचण पुढे येते. यंत्र विकत घेताना ग्राहक विचारतो, ‘किती अँपिअरचं?’ आणि अँपिअरचा काटा शक्य तितका वर ठेवून कामाला लागतो. प्रत्यक्षात कटचा दर्जा ठरवतो टॉर्चच्या टोकाचा बदलता संच, म्हणजे कंझ्युमेबल्स, आणि त्या संचाशी जुळणारे चार आकडे: प्रवाह, वेग, उंची आणि हवेचा दाब. यातला एक चुकला की उरलेले तीन बरोबर असूनही उपयोग होत नाही.

संचात साधारण पाच भाग असतात. आत इलेक्ट्रोड. त्याच्याभोवती स्वर्ल रिंग. तिच्या तिरप्या बारीक छिद्रांमुळे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि आर्क मधोमध राहतो. त्यावर नोझल, ज्याला बरेच कारागीर ‘टिप’ म्हणतात. हे सारे जागेवर धरणारी रिटेनिंग कॅप. आणि सर्वांत बाहेर शील्ड, जी उसळून येणारे वितळलेले पोलाद अंगावर घेते आणि नोझलला प्लेटचा स्पर्श होऊ देत नाही. शील्ड असेल तर टॉर्च प्लेटवर टेकवून सरकवता येते, हातकामाला ते फार सोयीचे.

नोझलवर बहुधा एक आकडा कोरलेला असतो: 45, 65, 85. हा आकडा म्हणजे त्या छिद्राला पेलणारा प्रवाह. आर्क आणि नोझलची भिंत यांच्यामध्ये तुलनेने थंड हवेचा पातळ थर असतो आणि तोच तांब्याला वाचवतो. 45 च्या नोझलमधून 85 अँपिअर सोडले की हा थर टिकत नाही. आर्क इलेक्ट्रोडवरून नोझलवर आणि नोझलवरून प्लेटवर अशा दोन उड्या मारतो. याला डबल आर्किंग म्हणतात. काही क्षणांत छिद्र कुरतडले जाते. टॉर्च प्लेटच्या फार जवळ आणली किंवा वितळलेल्या धातूत बुडवली तरी हेच होते. उलट 85 च्या नोझलमधून 45 अँपिअर सोडले तर नोझल शाबूत राहते, पण एवढ्या रुंद छिद्रात आर्क सैल पडतो, त्याची घनता उतरते आणि कट रुंद, तिरपा, स्लॅगने भरलेला निघतो. नोझल अँपिअरवरून निवडायची नसते. आधी प्लेटच्या जाडीवरून नोझल ठरते आणि मग यंत्राचा प्रवाह त्या नोझलच्या आकड्यावर आणायचा असतो.

जाडीचा हिशेब करताना माहितीपत्रकातले तीन वेगवेगळे आकडे नीट वाचावे लागतात. अमेरिकेतल्या हायपरथर्म कंपनीचे पॉवरमॅक्स 85 हे हवेवर चालणारे यंत्र उदाहरणादाखल घेऊ. त्याची शिफारस केलेली कापण्याची जाडी 25 मिलिमीटर आहे, आणि ती मिनिटाला 500 मिलिमीटर या वेगाला. ‘सेव्हरन्स’ म्हणजे कसेबसे दोन तुकडे करण्याची मर्यादा 38 मिलिमीटर. तिथे वेग मिनिटाला 125 मिलिमीटरवर घसरतो आणि कडेचा दर्जा विचारण्यासारखा नसतो. तिसरा आकडा मधूनच भोक पाडून कट सुरू करण्याचा, म्हणजे पिअर्सिंगचा: 19 मिलिमीटर. सीएनसी टेबलवर फ्लँज, गसेट, बेसप्लेट कापणाऱ्याला हा तिसरा आकडाच कामाचा, कारण त्याचे बहुतेक कट प्लेटच्या मधूनच सुरू होतात. त्याहून लहान पॉवरमॅक्स 45 एक्सपीचे हेच आकडे 16, 29 आणि 12 मिलिमीटर आहेत. जाहिरातीत बहुधा सर्वांत मोठा आकडा ठळक छापलेला असतो.

रोजचे काम 3 ते 6 मिलिमीटरचे असेल तर 40-45 अँपिअरचा संच पुरतो. त्याहून पातळ पत्र्यावर बारीक नक्षी, जाळी, नावाच्या पाट्या कापायच्या तर ‘फाइनकट’ प्रकारच्या नोझल मिळतात. त्यांचे छिद्र आणखी अरुंद, त्यामुळे कापाची रुंदी कमी आणि पत्रा वाकण्याचे प्रमाणही कमी. 8 ते 12 मिलिमीटरला 65, तर 12 ते 20 ला 85 चा संच सोयीचा. 25 च्या प्लेटी रोज असतील तर 105 किंवा 125 अँपिअरचे यंत्र पाहावे. सीमारेषेवरच्या जाडीला प्रश्न एवढाच असतो की उत्पादन महत्त्वाचे की काठ. मोठी नोझल वेगाने कापते. लहान नोझल सावकाश, पण कोपरे स्वच्छ ठेवून.

नोझल ठरली की बाकीचे आकडे अंदाजाने ठेवायचे नसतात. प्रत्येक यंत्रासोबत कट चार्ट येतो. अनेक वर्कशॉपमध्ये तो पुस्तिकेसह खोक्यातच राहतो आणि यंत्र मात्र वर्षानुवर्षे ‘हाताच्या सवयीने’ चालते. वरच्याच 85 अँपिअरच्या संचाचा चार्ट पाहिला तर चांगल्या दर्जाच्या कटसाठी 6 मिलिमीटरच्या सौम्य पोलादाला वेग मिनिटाला साडेतीन मीटरच्या आसपास आहे. 12 मिलिमीटरला तो सव्वा मीटरच्या आसपास येतो, 20 ला अर्ध्या मीटरच्या थोडा वर. जाडी दुप्पट झाली की वेग निम्मा करावा असा ढोबळ हिशेब इथे चालत नाही. 6 वरून 12 वर जाताना तो जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

उंचीचेही तसेच. या संचाला कापताना टॉर्च प्लेटपासून 1.5 मिलिमीटरवर हवी. भोक पाडताना मात्र 3.8 मिलिमीटरवर, कारण पहिल्या क्षणी वितळलेल्या पोलादाला खाली जायला वाट नसते आणि ते सरळ वर उडते. 12 मिलिमीटरला पाऊण सेकंदाच्या आत भोक पडते. 16 ला एक सेकंद थांबावे लागते आणि उंचीही वाढवावी लागते. तेवढे न थांबता टॉर्च पुढे सरकली तर आर्क प्लेट भेदत नाही आणि सारा धातू शील्डवर उडतो. फार वेळ थांबली तर भोक इतके मोठे होते की आर्क धरायला कड उरत नाही. हाताने भोक पाडणारे कारागीर टॉर्च आधी तिरपी धरतात, ठिणग्या एका बाजूला जाऊ देतात आणि झोत आरपार गेला की ती हळूहळू उभी करतात. जाड प्लेटला मात्र शक्य तिथे काठावरूनच सुरुवात करणे नोझलच्या हिताचे.

हे सारे बरोबर बसले की नाही, ते कट स्वतःच सांगतो. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. प्लेट उलटून पाहावी लागते.

खालच्या काठाला जाडसर, फुगीर स्लॅग लोंबत असेल आणि तो छिन्नीच्या एका टोल्यात पट्टीसारखा सुटत असेल, तर वेग कमी पडला आहे. आर्कला पुढे धातू मिळत नाही, म्हणून तो कड आणखी खात राहतो. काप रुंदावतो आणि जास्तीचा वितळलेला धातू खाली साचतो. स्लॅग बारीक, कडक, जणू वेल्डच केलेला असेल आणि ग्राइंडरशिवाय निघत नसेल, तर वेग जास्त झाला. कापलेल्या पृष्ठभागावरच्या रेषाही बोलतात: वेग वाढला की त्या मागे झुकतात. काम सुरू असताना खाली पडणाऱ्या ठिणग्या पाहिल्या तर हवेच्या प्लाझ्मात झोत उभ्या रेषेपासून 10 ते 15 अंश मागे झुकलेला असावा. तो सरळ खाली पडत असेल तर वेग वाढवायला जागा आहे. ठिणग्या वर यायला लागल्या तर प्लेट आरपार कापलीच जात नाही.

तिरपेपणाचे कारण बहुधा उंचीत सापडते. टॉर्च उंच राहिली तर वरच्या काठाचा धातू जास्त जातो, खूप खाली राहिली तर तिरपेपणा उलट दिशेला जातो. तिरपेपणा फक्त एकाच बाजूला, तोही दिशा बदलली तरी त्याच बाजूला दिसत असेल, तर टॉर्च प्लेटला काटकोनात नाही किंवा नोझलचे छिद्र लंबगोल झाले आहे.

एका गोष्टीला मात्र कोणताही आकडा पुरत नाही. स्वर्ल रिंगमुळे हवा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, म्हणून टॉर्च ज्या दिशेने पुढे जाते तिच्या उजवीकडची कड सरळ येते आणि डावीकडची थोडी तिरपी. म्हणूनच जॉबची बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापतात. जॉब उजवीकडे राहतो आणि तिरपी कड भंगाराच्या वाट्याला जाते. आतले भोक उलट दिशेने. प्रोग्रॅम करताना ही दिशा उलटी पडली तर यंत्र, हवा, नोझल सगळे उत्तम असूनही शंभर जॉबची चुकीची बाजू सरळ निघते. भोकांसाठी आणखी एक नेम आहे: त्यांचा वेग सरळ कटच्या साधारण 60 टक्क्यांवर आणायचा आणि आपोआप उंची राखणारे नियंत्रण तेवढ्यापुरते बंद ठेवायचे. प्लेटच्या जाडीहून लहान व्यासाचे बोल्टचे भोक असेल, तर ते ड्रिल मशीनवरच सोडलेले बरे.

आता हवा. ती फुकट मिळते म्हणून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. 85 अँपिअरच्या या यंत्राला सुमारे 5.9 बार दाबाला मिनिटाला 190 लिटरच्या आसपास हवा लागते, आणि ती कट चालू असतानाही तशीच मिळायला हवी. लांब, अरुंद नळीमुळे टॉर्च पेटताच दाब पडतो, आणि यंत्रावरचा काटा मात्र काम नसताना पाहिलेला असतो. हवेचा दर्जाही ठरलेला आहे. आयएसओ 8573-1 या मानकानुसार उत्पादक 1.2.2 हा वर्ग मागतात. त्यात पाण्याच्या वाफेसाठी दवबिंदू उणे 40 अंश सेल्सिअस धरला आहे. वर्कशॉपमध्ये दिसणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा साधारण अधिक 3 अंश दवबिंदूपर्यंतच कोरडी करतो. उणे 40 साठी डेसिकंट ड्रायर लागतो.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा फरक पैशांत दिसू लागतो. कोकणात किंवा पुणे-कोल्हापूरच्या पावसात कॉम्प्रेसरची टाकी दिवसभरात बरेच पाणी धरते. ते काढले नाही तर पाण्याचे कण टॉर्चपर्यंत जातात, आर्क अस्थिर होतो आणि हॅफ्नियम झपाट्याने झिजतो. इलेक्ट्रोड नेहमीच्या निम्म्या वेळात संपू लागला की दोष मालाचा असे वाटते, आणि कारण टाकीच्या तळाशी असते. तपासणी सोपी आहे: टॉर्च न पेटवता हवा सुरू करावी आणि तिच्यासमोर स्वच्छ आरसा धरावा. त्यावर धुके किंवा तेलाचा डाग दिसला तर आधी फिल्टर, मग नवी नोझल.

विदर्भाचा प्रश्न वेगळा. यंत्राची ड्यूटी सायकल 40 अंश तापमानाला मोजलेली असते. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे कट आणि चार मिनिटे विश्रांती. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असताना, तेही पत्र्याच्या शेडखाली, यंत्र त्याआधीच तापून थांबते. तो बिघाड नसून संरक्षण असते.

झीज ओळखायला डोळे आणि खोली मोजण्याचे साधे गेज पुरते. हॅफ्नियमच्या जागी खड्डा पडत जातो आणि हवेवरच्या या यंत्रांत तो 1.6 मिलिमीटरहून खोल झाला की इलेक्ट्रोड बदलायचा. त्यापलीकडे चालवला तर आर्क तांब्यावर सरकतो, इलेक्ट्रोड फुटतो आणि जाताना नोझल, कधी कधी टॉर्चही सोबत नेतो. खड्डा वाढत असताना आणखी एक गोष्ट घडते. त्याच उंचीला आर्कचे व्होल्टेज थोडे वाढते. सीएनसीचे उंची-नियंत्रण व्होल्टेजवरूनच अंतर ठरवत असल्याने त्याला टॉर्च वर गेल्यासारखी वाटते आणि ते तिला खाली आणते. सकाळी बरोबर असलेली उंची संध्याकाळी चुकते, ती अशी.

हॅफ्नियमची बरीचशी झीज कट चालू असताना होत नाही; ती सुरू करताना आणि थांबवताना होते. दिवसभर लांब पट्ट्या कापणाऱ्याचा इलेक्ट्रोड टिकतो आणि दिवसभर भोके पाडणाऱ्याचा लवकर जातो. दोघांनी ‘किती तास चालला’ याची तुलना केली तर ती फसवी ठरते. मीटर आणि पिअर्सची संख्या लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे. नोझल आणि इलेक्ट्रोड जोडीने बदलावेत, कारण झिजलेला इलेक्ट्रोड नव्या नोझलचे छिद्र बिघडवतो. ओ-रिंगला ग्रीस नुसते चमक येण्यापुरते लावायचे. जास्त झाले की ते हवेच्या छिद्रांत जाऊन बसते.

स्वस्त डुप्लिकेट भागांचा मोह मोठा असतो. त्यांतले काही ठीक चालतात, पण छिद्र केंद्रापासून किंचित सरकलेले असेल तर कट तिरपा येतो. 10 मिलिमीटरची 1250 बाय 2500 ची एक प्लेट सुमारे 245 किलोची असते. तिच्यातले दोन-चार जॉब नाकारले गेले किंवा प्रत्येक जॉबवर दहा मिनिटे ग्राइंडर फिरला, तर नोझलवर वाचलेले पैसे पोलादात आणि मजुरीत गेलेले असतात. हिशेब नगामागे करण्यापेक्षा कापलेल्या मीटरमागे केला की खरा भाव कळतो. सुटे भाग चुकीचे बसवले जाऊ नयेत म्हणून हायपरथर्मने 2021 मध्ये पॉवरमॅक्स सिंक यंत्रांत इलेक्ट्रोड, नोझल, स्वर्ल रिंग आणि शील्ड एकाच कार्ट्रिजमध्ये बसवले. त्यातली चिप यंत्राला प्रवाह आणि दाब स्वतःच कळवते. सोय मोठी, पण इलेक्ट्रोड संपला की पूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते.

वेल्डिंग करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि तो कापलेल्या कडेच्या पातळ थरात शिरतो. अशा कडेवर सरळ वेल्ड घातला तर त्यात बुडबुड्यांची भोके राहू शकतात. दाबाच्या टाक्या किंवा भार पेलणारे सांधे असतील तर कड हलकी घासून घ्यावी. मोठ्या यंत्रांत हवेऐवजी ऑक्सिजन वापरला की हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा धूर निघतो, तिथे एक्झॉस्ट आवश्यकच. आणि कंझ्युमेबल बदलताना यंत्र बंद हवे, कारण टॉर्चमध्ये 250 ते 300 व्होल्ट डीसी असू शकतात.

एवढे करूनही प्लाझ्मा प्रत्येक जाडीला परवडत नाही. हवेवरची यंत्रे 25-30 मिलिमीटरपर्यंत गॅस कटिंगला वेगात सहज मागे टाकतात. 50 मिलिमीटरच्या पुढच्या सौम्य पोलादाला मात्र ऑक्सिजन आणि एलपीजीची टॉर्च आजही स्वस्त पडते, आणि तिची कड जास्त सरळ येते. मोठ्या सीएनसी टेबलांच्या गॅन्ट्रीवर म्हणूनच दोन्ही टॉर्च शेजारी शेजारी बसवलेल्या दिसतात, आणि प्लेटची जाडी पाहून ऑपरेटर त्यांतली एक खाली उतरवतो.